नाकात हरलं, कातडीवर टिकलं: एमआरएसए आणि टी ट्री तेलाच्या एका चाचणीचा अभ्यास

वनस्पतींची सुगंधी तेलं औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंना मारतात, हे वाक्य आता इतक्यांदा वाचायला मिळतं की त्यात नवल उरलेलं नाही. काचेच्या नळीत ती मारतातच. पण नळीतला जिवाणू आणि आजारी माणसाच्या अंगावरचा जिवाणू यांच्यात बरंच अंतर आहे, आणि ते पार करण्याचा प्रयत्न फार कमी जणांनी केला. ज्यांनी केला त्यांतलं एक काम म्हणजे इंग्लंडमधल्या विंचेस्टरच्या रुग्णालयात मॅथ्यू ड्रायडन आणि सहकाऱ्यांनी केलेली, २००४ साली प्रसिद्ध झालेली चाचणी. प्रश्न साधा होता. एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस जिवाणू, अंगावर बाळगणाऱ्या रुग्णांना नेहमीच्या औषधांऐवजी टी ट्री तेलाची मलमं आणि साबण दिले तर काय होईल? या एका चाचणीतून दोन अगदी उलट निष्कर्ष काढता येतात आणि दोन्ही बाजूंना आपलंच खरं वाटतं. म्हणून ती नीट उलगडून पाहायला हवी.

तेव्हाची परिस्थिती

मेथिसिलिन हे प्रतिजैविक १९५९च्या सुमारास आलं आणि १९६१ मध्येच इंग्लंडमधून त्याला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसची नोंद झाली. पुढच्या चाळीस वर्षांत हा एमआरएसए रुग्णालयांत ठाण मांडून बसला. इंग्लंडमध्ये २००१ पासून रक्तातल्या एमआरएसए संसर्गाची नोंद सक्तीची झाली आणि २००३-०४ या वर्षात असे सुमारे ७,७०० रुग्ण नोंदले गेले. सरकारने हा आकडा २००८ पर्यंत निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट जाहीर केलं ते २००४ मध्येच. म्हणजे चाचणीचे निकाल आले तेव्हा हा विषय तिथल्या वर्तमानपत्रांत आणि राजकारणात पेटलेला होता.

इथे एक फरक आधीच स्पष्ट करून घेऊ, कारण त्याची गल्लत फार होते. एमआरएसए अंगावर असणं आणि एमआरएसएमुळे आजारी पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निरोगी माणसांपैकीही साधारण तीस टक्क्यांच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस सुखाने राहत असतो, बहुतेकदा साधा, औषधांना दाद देणारा. असा वाहक शस्त्रक्रियेला गेला किंवा त्याच्या शिरेत नळी घातली, की हाच जिवाणू जखमेतून किंवा नळीवाटे आत शिरतो. म्हणून वाहकाच्या अंगावरून तो आधीच घालवायचा. नाकात मलम, अंगाला जंतुनाशक साबण, जखमांवर क्रीम, असा पाच दिवसांचा कार्यक्रम असतो. विंचेस्टरची चाचणी या कार्यक्रमाची होती. न्यूमोनिया झालेल्या किंवा रक्तात संसर्ग पसरलेल्या रुग्णाला तेल देऊन बरं करण्याशी तिचा काहीही संबंध नाही. कुणी तसं सांगत असेल तर तिथेच थांबवावं.

नाकासाठीचं ठरलेलं औषध म्हणजे म्युपिरोसिन. स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स नावाच्या जिवाणूपासून मिळणारं हे प्रतिजैविक जिवाणूची प्रथिनं बनवण्याची यंत्रणा एका ठिकाणी अडवतं. पण वापर वाढला तसे त्यालाही न जुमानणारे प्रकार दिसू लागले. हा प्रतिरोध दोन पातळ्यांवर असतो. जिवाणूची वाढ थांबवायला दर मिलिलिटरला ८ ते २५६ मायक्रोग्रॅम लागले तर तो कमी पातळीचा, ५१२ किंवा त्याहून अधिक लागले तर उच्च पातळीचा. उच्च पातळीचा प्रतिरोध सहसा प्लाझ्मिडवरच्या, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या एका सुट्या वेटोळ्यावरच्या, जनुकामुळे येतो आणि प्लाझ्मिड एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतं. पर्यायाची गरज होती ती यासाठी.

तेलाकडे वळायला कारण काय होतं

टी ट्री म्हणजे मेलाल्युका अल्टर्निफोलिया, ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या ईशान्य किनारपट्टीतलं झाड. पानांतून वाफेने काढलेल्या तेलाच्या जंतुनाशक गुणांवर आर्थर पेनफोल्ड यांनी १९२० च्या दशकात काम केलं. तेलात शंभराच्या आसपास घटक असतात, पण जिवाणूंवरचं बरंचसं काम टर्पिनेन-४-ऑल हा एक घटक करतो. तेव्हा लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार हा घटक किमान ३० टक्के आणि सिनिओल हा दुसरा घटक जास्तीत जास्त १५ टक्के असायला हवा होता. सुगंधी तेलांमध्ये असं मानक पाळून बनणारं तेल मिळणं ही मोठी सोय आहे. एकाच वनस्पतीच्या तेलाची रचना जात, हंगाम, काढण्याची पद्धत यांनुसार इतकी बदलते की ‘थाइमचं तेल’ एवढंच सांगून काही कळत नाही. थायमॉल भरपूर असलेलं थाइमचं तेल आणि लिनालूल भरपूर असलेलं थाइमचं तेल जिवाणूंच्या दृष्टीने दोन वेगळी रसायनं आहेत.

१९९५ साली कार्सन आणि सहकाऱ्यांनी स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या ६६ नमुन्यांवर हे तेल तपासलं. त्यांतले ६४ एमआरएसए होते आणि ३३ म्युपिरोसिनलाही न जुमानणारे होते. तेलाची किमान रोधक मात्रा, म्हणजे जिवाणूची वाढ थांबवणारं सर्वांत कमी प्रमाण, ०.२५ टक्के निघाली आणि मारक मात्रा ०.५ टक्के.

हा निकाल पाहून कुणालाही हुरूप येईल. पण त्यात चकित होण्यासारखं फारसं नाही. मेथिसिलिनचा प्रतिरोध येतो तो जिवाणूच्या पेशीभित्तिका बांधणाऱ्या एका प्रथिनाचा बदललेला अवतार बनल्यामुळे. मेथिसिलिन त्या बदललेल्या प्रथिनाला धरू शकत नाही, एवढीच गोष्ट. तेल तिकडे फिरकतही नाही. २००२ मध्ये याच गटाने स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर तेलाची क्रिया इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आणि गळती मोजून तपासली. पेशी फुटत नव्हत्या, पण आतला माल बाहेर झिरपत होता आणि खारट माध्यमात टिकून राहण्याची त्यांची ताकद गेली होती. तेलाचा मारा पेशीपटलावर होतो. जिवाणूने भित्तिकेचं कुलूप बदललं म्हणून पटलाला काही फरक पडत नाही. त्यामुळे ‘औषधप्रतिरोधी जिवाणूवरही परिणामकारक’ यातला ‘ही’ वाटतो तितका वजनदार नाही. साध्या स्टॅफिलोकॉकसला मारणारं पटलभेदी रसायन एमआरएसएलाही मारणार, ही अपेक्षाच आहे.

हा ०.२५ टक्का येतो कुठून

तेलाची रोधक मात्रा काढणं प्रतिजैविकाची काढण्यापेक्षा किचकट असतं, आणि पुढच्या सगळ्या गणिताला त्याचा आधार आहे. ९६ खळग्यांच्या प्लॅस्टिक प्लेटमध्ये पोषकद्रव भरायचा, एका टोकापासून दुसऱ्याकडे औषधाचं प्रमाण निम्मं निम्मं करत न्यायचं, प्रत्येक खळग्यात दर मिलिलिटरला पाच लाखांच्या आसपास जिवाणू सोडायचे आणि रात्रभर उबवून कुठपर्यंत द्रव गढूळ झाला ते पाहायचं, ही नेहमीची पद्धत. तेल मात्र पाण्यात विरघळत नाही. ते वर तरंगतं, प्लॅस्टिकच्या कडेला चिकटतं, पिपेटच्या टोकात मागे राहतं. म्हणून ट्वीन-८० सारखं पायसकारक, म्हणजे तेल पाण्यात मिसळून ठेवणारं रसायन, घालावं लागतं. त्याचा स्वतःचा परिणाम होतो, आणि तो कुठल्या जिवाणूवर कसा होईल हेही सारखं नसतं. काही जण त्याऐवजी ०.१५ टक्के अगार घालून द्रव किंचित दाट करतात, म्हणजे तेलाचे थेंब अधांतरी राहतात. तेल घातल्यावर द्रव मुळातच दुधाळ दिसतो, तेव्हा गढूळपणा जिवाणूंचा की तेलाचा हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून रेझाझुरिन नावाचा रंग घालतात. निळा रंग गुलाबी झाला तर जिवाणू जिवंत.

याहून मोठी अडचण वाफेची. जास्त तेलाच्या खळग्यातून उडालेली वाफ शेजारच्या कमी तेलाच्या खळग्यात उतरते. तिथले जिवाणूही मरतात आणि तेल प्रत्यक्षापेक्षा जोरदार भासतं. प्लेटवर चिकटपट्टी लावली तर एक आकडा, नुसतं झाकण ठेवलं तर दुसरा. कागदी चकतीवर तेल टाकून भोवतीचं स्वच्छ वर्तुळ मोजणाऱ्या शोधनिबंधांकडे तर मी सहसा पाहतही नाही. अगारमध्ये नीट न पसरणाऱ्या पदार्थाचं वर्तुळ मोजून त्याची प्रतिजैविकाच्या वर्तुळाशी तुलना करण्यात अर्थ नाही. ‘तेलाचं वर्तुळ जेंटामायसिनपेक्षा मोठं’ हे वाक्य अशा निबंधांत हमखास असतं आणि ते काहीच सांगत नाही.

कार्सन यांच्या गटाचा ०.२५ टक्का नंतरच्या अनेक कामांशी जुळतो. तो आपण खरा धरू.

चाचणी

रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी झाली. एका गटाला नेहमीचे उपचार: नाकात २ टक्के म्युपिरोसिनचं मलम, अंगाला ४ टक्के क्लोरहेक्झिडीन या जंतुनाशकाचा साबण, जखमा किंवा व्रणांवर १ टक्का सिल्व्हर सल्फाडायाझिन या चांदीयुक्त औषधाचं क्रीम. दुसऱ्या गटाला नाकात १० टक्के टी ट्रीचं क्रीम, अंगाला ५ टक्के टी ट्रीचा द्रव साबण, जखमांवर पुन्हा तेच १० टक्क्यांचं क्रीम. नाकातलं औषध दिवसातून तीनदा, आंघोळ किमान एकदा. दोन्हीकडे पाच दिवस.

नेहमीच्या उपचारांच्या गटात ११४ रुग्ण होते, त्यांतले ५६ एमआरएसएमुक्त झाले, म्हणजे ४९ टक्के. टी ट्रीच्या गटात ११० पैकी ४६, म्हणजे ४१.८ टक्के (निबंधात ४१ छापले आहेत). या फरकाला सांख्यिकीच्या दृष्टीने महत्त्व नाही, असा लेखकांचा निष्कर्ष. जागेनुसार पाहिलं तर चित्र बदलतं. नाक साफ करण्यात म्युपिरोसिनला ७८ टक्के यश मिळालं, टी ट्रीला ४७ टक्के, आणि हा फरक योगायोगाचा म्हणता येणार नाही इतका मोठा होता. कातडीवर आणि जखमांवर उलट घडलं. तिथे टी ट्री क्लोरहेक्झिडीन आणि सिल्व्हर सल्फाडायाझिनपेक्षा सरस ठरलं. रुग्णांना तेलाचा त्रास झाला नाही. ज्यांच्या अंगावरून एमआरएसए घालवायचा आहे त्यांच्यासाठी या तेलाचा विचार व्हायला हरकत नाही, असं लेखकांनी शेवटी म्हटलं.

आता पहिली गोष्ट नजरेत भरते ती चांगल्या गटातलं अपयश. सर्वमान्य उपचार घेऊनही निम्म्याहून अधिक रुग्णांच्या अंगावर एमआरएसए राहिलाच. नाकातून ७८ टक्के वेळा जातो, पण माणूस ‘मुक्त’ ठरायला तो सगळ्याच जागांवरून जावा लागतो. काख, जांघ, जखम, घसा यांपैकी एक जागा उरली तरी तो पुन्हा सगळीकडे पसरतो. घशाला तर दोन्ही गटांत काहीच औषध नव्हतं. तेव्हा ४९ विरुद्ध ४१ हा सामना फारशा जोरदार नसलेल्या प्रतिस्पर्ध्याबरोबरचा होता, हे विसरून चालणार नाही.

नाकात का हरलं

हा माझ्या मते या चाचणीचा सगळ्यात मोलाचा भाग आहे. नाकातलं क्रीम १० टक्क्यांचं होतं. रोधक मात्रा ०.२५ टक्के. म्हणजे गरजेच्या ४० पट. कागदावर हे भरपूर वाटतं. मारक मात्रेच्या हिशोबाने मात्र २० पटच.

आता म्युपिरोसिन पाहा. २ टक्के मलम म्हणजे एका ग्रॅममध्ये २० मिलिग्रॅम, अर्थात २०,००० मायक्रोग्रॅम. साध्या एमआरएसएला लागणारी मात्रा दर मिलिलिटरला पाव मायक्रोग्रॅमच्या आसपास. गरजेच्या ८०,००० पट! म्युपिरोसिन रक्तातल्या प्रथिनांना चिकटतं आणि रक्तद्रवात त्याचा जोर दहा-वीस पटींनी उतरतो. तेवढं वजा केलं तरी हाताशी चार हजार पट राहतात. मलम पातळ झालं, शिंकरलं गेलं, अर्धंच लावलं गेलं, तरी उरलेलं पुरतं. तेलाकडे ही चैन नाही. नाकपुडीचा पुढचा भाग, जिथे हा जिवाणू राहतो, तो खरं तर केसांनी भरलेली कातडीच आहे आणि तिच्यावरून श्वासाची हवा अखंड जात-येत असते. उडून जाणारं रसायन लावायला याहून वाईट जागा सापडणं कठीण. ४० पटींतले पंधरा-वीस उडाले, काही स्रावांत बांधले गेले, काही क्रीमच्या तेलकट भागातून बाहेरच आलं नाही, की आपण मारक मात्रेच्या खाली.

हेच गणित उलटं करून पाहिलं की आणखी मजा आहे. म्युपिरोसिनला उच्च पातळीवर न जुमानणारा जिवाणू म्हणजे ज्याला ५१२ मायक्रोग्रॅम लागतात तो. २०,००० ला ५१२ ने भागा: ३९. म्हणजे मलमाचं अशा हट्टी जिवाणूशी जे नातं, तेच १० टक्के टी ट्री क्रीमचं अगदी साध्या एमआरएसएशी. आणि उच्च पातळीचा प्रतिरोध असला की म्युपिरोसिनने नाक साफ होत नाही, हा तर रुग्णालयांतला नेहमीचा अनुभव. हे ढोबळ गणित आहे हे मान्य. तेल वेगाने मारतं, म्युपिरोसिन सावकाश, आणि मलमातली मात्रा म्हणजे जिवाणूपर्यंत पोहोचणारी मात्रा नव्हे. तरीही नाकातल्या ७८ विरुद्ध ४७ चं कोडं या एका भागाकाराने बरंचसं सुटतं.

वजनात मोजलं तर दरी आणखी स्पष्ट होते. ०.२५ टक्के तेल म्हणजे दर मिलिलिटरला सुमारे २,२०० मायक्रोग्रॅम. म्युपिरोसिनच्या तुलनेत जवळपास नऊ हजार पट माल ओतल्यावर तेवढंच काम. तेलांचे निकाल टक्क्यांत आणि प्रतिजैविकांचे मायक्रोग्रॅममध्ये छापायची जी पद्धत आहे, तिच्यामुळे ही दरी झाकली जाते. ०.२५ टक्का वाचताना छोटा वाटतो.

मग क्रीम आणखी तीव्र करावं का? कातडीला किती झेपेल याची मर्यादा आहे. टी ट्री तेलाने ॲलर्जीचा त्वचादाह होऊ शकतो, आणि हवा-उजेड लागून जुनं झालेलं तेल ताज्यापेक्षा जास्त त्रास देतं. पेशीपटल फोडणारं रसायन माणसाच्या पेशीपटलाला सोडून देईल अशी काही व्यवस्था निसर्गात नाही. म्युपिरोसिन जिवाणूच्या एंझाइमला ओळखतं आणि माणसाच्या एंझाइमला बहुतांशी सोडून देतं. तेलात अशी निवड फार थोडी. तोंडावाटे गेलं तर हे तेल विषारी आहे, म्हणजे पोटात घेऊन आतला संसर्ग बरा करायची कल्पना सुरुवातीलाच बाद.

कातडीवर का टिकलं

इथे मला लेखकांच्या निकालावर थोडं थांबून विचार करावासा वाटतो. तेल स्निग्ध आहे, कातडीच्या वरच्या थरात आणि केसांच्या मुळाशी असलेल्या तेलकट भागात ते सहज शिरतं, जिवाणूही तिथेच लपतो. हे कारण पटण्यासारखं आहे. पण प्रतिस्पर्धी कसा वापरला गेला तेही पाहायला हवं. क्लोरहेक्झिडीनची खरी ताकद म्हणजे ते कातडीला चिकटून तासन्‌तास काम करत राहतं. साबणाच्या रूपात लावून पाण्याने धुऊन टाकलं की ती ताकद बरीचशी मोरीत जाते. नऊ वर्षांनी, २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ४३ रुग्णालयांच्या ७४ आयसीयूंमध्ये झालेल्या मोठ्या चाचणीत क्लोरहेक्झिडीन भिजवलेल्या, न धुवायच्या कापडांनी सगळ्याच रुग्णांचं अंग रोज पुसलं आणि सोबत पाच दिवस नाकात म्युपिरोसिन दिलं. तपासण्यांत एमआरएसए सापडण्याचं प्रमाण ३७ टक्क्यांनी घटलं. विंचेस्टरच्या टी ट्रीने अशा क्लोरहेक्झिडीनला हरवलेलं नाही. धुऊन टाकलेल्या साबणाला हरवलं आहे.

जखमांवरचा निकाल मला जास्त ठोस वाटतो. तिथे दोन्ही क्रीम्स लावून ठेवायचीच होती, म्हणजे सामना बरोबरीचा. चांदीचे आयन जखमेतल्या क्लोराइडने आणि प्रथिनांनी निकामी होतात, हे जुनंच दुखणं आहे.

‘फरक नाही’ म्हणजे काय

४९ विरुद्ध ४१ चा फरक नगण्य ठरला, त्याचा अर्थ तेल बरोबरीचं ठरलं असा अनेक जण लावतात. छापलेल्या आकड्यांवरून मी हिशोब केला. फरक ७.३ टक्के गुणांचा येतो आणि त्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा साधारण उणे ६ पासून अधिक २० पर्यंत पसरते. म्हणजे टी ट्री नेहमीच्या उपचारांपेक्षा सहा गुणांनी चांगलंही असू शकतं आणि वीस गुणांनी वाईटही. एवढ्या रुंद पट्ट्यात ‘बरोबरीचं’ हा शब्द बसवणं धाडसाचं. २२४ रुग्णांत याहून जास्त कळणं शक्यही नव्हतं. त्यातून तेलाचा वास असा, की कुणाला काय मिळतंय हे रुग्णापासून आणि परिचारिकेपासून लपवणं जवळपास अशक्य. वासाच्या सगळ्याच तेलांच्या चाचण्यांत हा पेच असतो.

आधी आणि नंतर

२००० साली ऑस्ट्रेलियात ३० रुग्णांवर छोटी चाचणी झाली होती: नाकात ४ टक्के टी ट्री मलम आणि ५ टक्के द्रव साबण, समोर म्युपिरोसिन आणि ट्रायक्लोसान या जंतुनाशकाचा साबण. तेल जरा वरचढ वाटलं, पण रुग्ण इतके कमी की निष्कर्ष निघेना.

२०१३ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या चाचणीने प्रश्न बदलला. आधीच असलेला एमआरएसए घालवायचा नाही, आयसीयूतल्या रुग्णाला तो नव्याने चिकटू द्यायचा नाही. ५ टक्के टी ट्रीच्या साबणाची तुलना लहान मुलांच्या साध्या सौम्य साबणाशी झाली. साध्या साबणाच्या गटात २२ जणांना एमआरएसए चिकटला (११.२ टक्के), टी ट्रीच्या गटात १७ जणांना (८.७ टक्के). फरक नगण्य. या कामासाठी टी ट्रीची शिफारस करता येत नाही, असं लेखकांनी सरळ लिहिलं. मला हे अपेक्षितच वाटतं. दिवसातून एकदा लावून धुतलेला, उडून जाणारा पदार्थ उरलेले तेवीस तास पहारा कसा देणार? आधी असलेल्याला एका तडाख्यात मारणं हे तेलाचं बळ, राखण करणं नव्हे.

इंग्लंडमधला रक्तसंसर्गाचा आकडा मात्र पुढच्या काही वर्षांत खरोखरच कोसळला. हातांची स्वच्छता, नळ्यांची काळजी, भरती होतानाची तपासणी, नेहमीचे जंतुनाशक उपचार यांच्या जोरावर. तेलाविना.

टी ट्री कमी पडलं तर ओरेगॅनो किंवा थाइमचं तेल घ्या, असा सल्ला इथे हटकून येतो. हॅमर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ५२ वनस्पतींची तेलं आणि अर्क एकाच पद्धतीने तपासले. त्यांत ओरेगॅनो, गवती चहा आणि बे या तेलांनी २ टक्क्यांच्या आत सगळ्या सूक्ष्मजीवांना रोखलं. थाइमच्या तेलाला ई. कोलायसाठी ०.०३ टक्के पुरले. कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल हे फिनॉल गटातले घटक टर्पिनेन-४-ऑलपेक्षा जोरदार आहेत यात वाद नाही. पण फिनॉल कातडीलाही तितकेच झोंबतात, त्यामुळे क्रीममधलं प्रमाण त्याच हिशोबाने खाली आणावं लागतं आणि पटींचा तो जुना भागाकार फारसा सुधारत नाही. स्यूडोमोनाससारख्या जिवाणूंपुढे तर बहुतेक तेलं थकतात. त्याचं बाहेरचं आवरण तेलाला आत येऊ देत नाही आणि जे शिरतं ते त्याचे पंप बाहेर फेकतात. हेच पंप प्रतिजैविकंही बाहेर काढतात, म्हणजे ‘तेलाला प्रतिरोध निर्माण होतच नाही’ हा दावाही सरसकट करता येत नाही.

विंचेस्टरच्या निकालात एक गोष्ट जवळजवळ स्वतःहून समोर येते. नाकात म्युपिरोसिन जिंकलं, जखमांवर टी ट्री. मग नाकात म्युपिरोसिन आणि जखमांवर १० टक्के टी ट्री, असा तिसरा गट असता तर? तो या चाचणीत नव्हता. दोन पूर्ण संचांची तुलना केल्यामुळे प्रत्येक संचातली चांगली गोष्ट वाईट गोष्टीला बांधली गेली. आज कुणाला हे नीट करायचं असेल तर अंगासाठी न धुवायचं क्लोरहेक्झिडीन दोन्ही गटांना सारखंच द्यावं, नाकात दोन्हीकडे म्युपिरोसिन, आणि फरक फक्त जखमेवरच्या क्रीमचा ठेवावा. तेलाची रचना प्रत्येक खेपेला गॅस क्रोमॅटोग्राफीने (घटक वेगळे करून मोजण्याच्या पद्धतीने) तपासून नोंदवावी, बाटल्या उजेडापासून दूर ठेवाव्यात, स्वॅब तपासणाऱ्या प्रयोगशाळेला कुठला गट कोणता हे कळू देऊ नये, कारण वास तिथपर्यंत पोहोचत नाही. आणि दहा टक्के गुणांपेक्षा जास्त वाईट नाही एवढं जरी खात्रीने सांगायचं असेल, तरी प्रत्येक गटात साधारण ३९० रुग्ण लागतील, विंचेस्टरच्या साडेतीन पट.